बायको घाबरली, पण दुसऱ्याच्या गोष्टीला

भूतकाकांचं खरं नाव विचारायच्या भानगडीत कुणी पडत नसे, तेव्हा आपणही पडायला नको. इमारतीतली पोरं त्यांना भूतकाका म्हणायची. पोरांचं ऐकून पोरांच्या आया म्हणायला लागल्या, आणि शेवटी पार्सलं न्यायला येणारा कुरियरवालासुद्धा दारातून त्याच नावाने हाक मारू लागला. काका भयकथा लिहायचे. नुसत्या लिहायचे नाहीत, तर छापायचे स्वतः, विकायचे स्वतः, मुखपृष्ठावरची कवटी कुठल्या बाजूला कलती ठेवायची ते ठरवायचे स्वतः, आणि पलंगाखालच्या गठ्ठ्यांना वाळवी लागली की तिला शिव्याही स्वतःच घालायचे. एके काळी प्रकाशकांच्या दारात चपला झिजवून झाल्या होत्या. भुताखेतांचं आता कोण वाचतं, असं एकाने तोंडावर सांगितल्यावर काकांनी त्या वाटेचं नावच टाकलं.

त्यांच्या सगळ्या पुस्तकांत गाव एकच, खालचं गाव. धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. पण तिथली माणसं बुडून मेली तरी धंदे बंद करायला तयार नाहीत. न्हावी पाण्यात बसून दाढ्या करतो, पोस्टमन लगदा झालेली पत्रं घरोघर टाकतो, आणि शाळेत मास्तर हजेरी घेतात तेव्हा नुसते बुडबुडे वर येतात. काकांना त्या गावाची गल्ली न् गल्ली पाठ. कुठल्या घराची कडी आतून लागते आणि कुठल्या घराची बाहेरून, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. आपल्या घरातला चहा-साखरेचा डबा मात्र त्यांना रोज नव्याने शोधावा लागायचा, ते सोडा.

काकू एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या. दिवसभर लोकांची हाडं बघून घरी येणाऱ्या बाईला सांगाड्याबिंगाड्याचं काय कौतुक? तरी काकांचा सगळा कारभार तोललेला होता तो काकूंवरच. पद्धत अशी, की गोष्ट पुरी झाली की कागद काकूंच्या हातात जायचे. काकू वाचायच्या, पेन्सिलीने चुका काढायच्या, आणि मग गच्चीवर वाळत घातलेले कपडे काढायला निघायच्या. गच्चीचा शेवटचा जिना भरदुपारीसुद्धा काळोखा, आणि वर पाण्याच्या टाकीमागे वारा असा काही घुमायचा की अनोळखी माणूस दोन पायऱ्या मागे यावा. काकू एकट्या गेल्या तर गोष्ट नापास. चल रे जरा बरोबर, म्हणाल्या तर पास. बाहेरच्या वाचकांनी किती का पाठ थोपटेनात, काकांच्या लेखी परीक्षक हा एवढाच.

लग्नानंतरची कितीतरी वर्षं काकू एकट्या गच्चीवर गेल्या म्हणून नाहीत. काका मागून कपड्यांची टोपली धरून, तोंडावर जग जिंकल्यासारखं हसू. पुढे कधीतरी एक गोष्ट नापास झाली, मग दुसरी, आणि मग सगळ्याच. काकू वाचून झाल्यावर छान आहे म्हणायच्या, दोन स्वल्पविराम सुचवायच्या आणि गुणगुणत जिना चढायच्या. काकांनी काय करायचं बाकी ठेवलं? प्रेतं वाढवली, विहिरी वाढवल्या, एका कादंबरीत तर आख्खं गाव दुसऱ्यांदा बुडवलं. काकू गच्चीवरून कपडे घेऊन आल्या आणि म्हणाल्या, पोस्टमन दुसऱ्यांदा मेला की नाही ते नीट कळलं नाही बाई. वय झालं, मन निबर झालं, हाडं बघून बघून हिची भीतीच सुकली, अशी काकांनी स्वतःची समजूत घातली होती. आपल्या गोष्टीला घाबरत नाही म्हणजे ही कुणाच्याच गोष्टीला घाबरत नसणार. त्या समजुतीवर त्यांचे दिवस बरे चालले होते.

मग ते प्रदर्शन आलं. स्वतःची पुस्तकं स्वतः छापणाऱ्यांचं छोटंसं प्रदर्शन, एका शाळेच्या हॉलमध्ये. काकांच्या शेजारच्या टेबलावर बसला होता एक दातांचा डॉक्टर. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि हसला की समोरच्याने आपलं तोंड मिटून घ्यावं असे दात. दिवसभर लोकांच्या दाढा काढायच्या आणि सुट्टीच्या दिवशी भयकथा लिहायच्या. एकुलतं एक बारकं पुस्तक मांडून बसला होता बिचारा. रिवाज म्हणून दोघांनी पुस्तकं बदलली. काकांनी आपलं जाडजूड दिलं, त्याने आपलं बारकं. काकांनी दोन पानं चाळली, शुद्धलेखनाची दैना बघून गालातल्या गालात हसले, आणि घरी आल्यावर ते पुस्तक चपलांच्या कपाटावर टाकून दिलं.

त्यानंतरच्या एका सुट्टीच्या दुपारची गोष्ट. काकांनी नव्या कादंबरीचं प्रकरण सकाळीच जेवणाच्या टेबलावर काकूंसाठी ठेवलं होतं आणि स्वतः आतल्या खोलीत पुढचं लिहीत बसले होते. न्हाव्याच्या आरशात आज कुणाचा चेहरा दिसावा, या विवंचनेत होते. स्वयंपाकघरातून काकूंचं नेहमीसारखं काहीतरी चाललेलं. आणि तिथूनच हाक आली, जरा चिरकी, "चल रे जरा वर. कपडे काढायचेत."

काकांची बोटं कीबोर्डवर जागच्या जागी थांबली. किती वर्षांनी! चपला उलट्यासुलट्या घालून ते निघाले. काळोख्या जिन्यात काकूंनी त्यांचा दंड असा गच्च धरला की बोटं रुतली. काकांना वाटलं, आता मेलो तरी हरकत नाही. टाकीपाशी पोचल्यावर त्यांनी अगदी सहज विचारतोय असं दाखवत विचारलं, की कुठं घाबरलीस, आरशापाशी ना?

काकू एका चादरीचे चिमटे काढत होत्या. तुझं अजून वाचायचंय, त्या म्हणाल्या. त्या दातांच्या डॉक्टरांचं वाचलं.

अरे देवा. काकांच्या अंगाचा असा तिळपापड झाला की त्यांनी शेजाऱ्यांचा ओला टॉवेल आपल्या टोपलीत टाकला. बायको दुसऱ्याबरोबर सिनेमाला गेली असती तर एक वेळ चाललं असतं. परत आली असती, भांडलो असतो, मिटलं असतं. पण घाबरली? इतकी वर्षं उरापोटावर राबून आपल्याला जे जमेना, ते एका दाढा उपटणाऱ्याने, पहिल्याच पुस्तकात, एका दुपारी करून दाखवावं? कोणत्या गोष्टीला घाबरलीस, एवढं तरी सांग, म्हणून काका मागे लागले. पहिलीच, एवढंच काकू म्हणाल्या, आणि जिना उतरताना पुन्हा दंड धरला. या खेपेला काकांना तो दंड दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा वाटला.

मग काका बाथरूमची कडी लावून ते बारकं पुस्तक घेऊन बसले. चोरासारखे, स्वतःच्याच घरात. पहिल्या गोष्टीत ना खून, ना विहीर, ना अमावस्या. एक बाई स्वयंपाकघरात काम करता करता नवऱ्याशी बोलते, आणि नवरा आतल्या खोलीतून "हं" म्हणतो. वर्षानुवर्षं हेच. एके दिवशी बाई बोलत असते, आतून "हं" येतं, आणि तेवढ्यात बाहेरचं दार उघडून नवरा घरात येतो, पायांत बूट, खांद्याला बॅग. बाई त्याच्याकडे बघते, आतल्या खोलीच्या दाराकडे बघते. आणि मग पुन्हा भाजी चिरत आतल्या खोलीशीच बोलायला लागते. संपली गोष्ट.

हे काय? भूत कुठाय? आत कोण होतं ते का नाही सांगितलं? अर्धवट सोडून दिलेली गोष्ट आणि हिला घाम फुटतो. काकांनी तीनदा वाचली. तिन्ही वेळा त्यांना फक्त चुका दिसल्या. एका ठिकाणी "भाजी"ची वेलांटीसुद्धा चुकली होती, तिचा त्यांना फार आधार वाटला.

पोटात दुखणाऱ्याला स्वस्थ कुठलं बसवतंय. चार दिवसांनी काका दाढ दुखते म्हणून डॉक्टरच्या दवाखान्यात जाऊन बसले. दाढ अजिबात दुखत नव्हती. आडून आडून विचारून त्या गोष्टीची किल्ली काढून घ्यायची, असा बेत. पण खुर्चीत आडवं झाल्यावर तोंडात आरसा, नळी आणि कापूस, विचारणार कसं? डॉक्टरच आनंदाने बोलत सुटला. तुमची सगळी पुस्तकं वाचलीत म्हणाला, खालच्या गावाचा नकाशा काढून ठेवलाय म्हणाला. मग स्वतःच्या पहिल्या गोष्टीवर आला. ती कुणालाच आवडत नाही, सगळे विचारतात की भूत कुठाय. सुचली इथंच, या खुर्चीपाशी. दिवसभर मी बोलतो आणि लोक नुसतं आं, हं करतात. एकदा मनात आलं, उद्या खुर्चीत कुणी नसलं तरी मला कळायचं नाही.

काका म्हणाले, "आं."

डॉक्टरला त्यांच्या उजव्या दाढेत खरोखरच कीड सापडली, ती त्याने तिथल्या तिथे भरून टाकली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथं दात दाखवून झालं. त्यात माणूस इतका साधा, इतका भला, की काकांना त्याचा आणखीच राग आला. नालायक असता तर निदान मनसोक्त द्वेष तरी करता आला असता.

घरी आल्यावर सुजल्या गालाने काकांनी चंग बांधला. आता अशी गोष्ट लिहितो की त्या दातवाल्याचं नाव ही विसरून जाईल. ते आतल्या खोलीत शिरले ते जणू तिथलेच झाले. जेवण आत, चहा आत. काकू दारापलीकडून काय काय सांगायच्या, त्यांच्या खात्यात नवीन मशीन आलं, धाकटी बहीण घर बदलते आहे. काकांना आवाज यायचा, शब्द वाहून जायचे. न्हाव्याच्या बायकोला त्यांनी नवऱ्याच्या वस्तऱ्याने सात वेळा मारलं आणि सात वेळा उठवलं. आयुष्यात असं भीषण लिहिलं नव्हतं. शेवटचं पान छापून निघालं तेव्हा त्यांचे स्वतःचेच हात गार पडले होते.

काकूंनी टेबलापाशी बसून सगळं वाचलं. काका समोर बसून त्यांच्या भुवया वाचत होते. काकूंनी कागद सारखे केले, चांगलं जमलंय म्हणाल्या, टोपली उचलली आणि गच्चीवर गेल्या. एकट्या. जिन्यात त्यांच्या चपलांचा फटफट आवाज अगदी निवांत येत होता.

त्या परत येईपर्यंत काकांनी धीर धरला, मग मात्र बांध फुटला. लाजलज्जा गुंडाळून ठेवून त्यांनी विचारलं, अगदी मत्सरी नवऱ्यासारखं, "त्याच्यात असं काय आहे, जे माझ्यात नाही?"

काकूंनी टोपली खाली ठेवली. हसल्या नाहीत.

"सांगते, पण पूर्ण ऐक," त्या म्हणाल्या. "त्या दुपारी ती गोष्ट वाचली आणि ओट्यापाशी उभी राहिले. तू आत होतास. मी म्हटलं, दूध उतू गेलं. आतून 'हं' आलं. मी म्हटलं, मी नोकरी सोडली. 'हं.' मग म्हटलं, मी चालले, आता परत येणार नाही. 'हं.' त्याच आवाजात. मला दरदरून घाम फुटला रे. आत येऊन बघायची हिंमत होईना. हाक मारली तर कोण बाहेर येईल, तेच कळेना. म्हणून गच्चीवर चल म्हटलं. तू उठून आलास, तुझा दंड हाताला लागला, तेव्हा कुठं जिवात जीव आला. तुझ्या गावातली मेलेली माणसं निदान एकमेकांना उत्तरं तरी देतात."

काका ऐकत होते. खरंच ऐकत होते. ती किती दिवस अशी भिंतीशी बोलत असेल, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. मी गाढव आहे, असं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं होतं.

पण तेवढ्यात पोटातली ती जुनी आग भडकली. डॉक्टरच्या गोष्टीत हे नव्हतं. दूध, मग नोकरी, मग परत येणार नाही. पायरी पायरीने चढत जाणारं, आणि मग बाईची हाक मारायचीसुद्धा छाती होत नाही. वा! त्या दातवाल्याला सात जन्म सुचणार नाही हे. त्याला वरवरचं मिळालं, गाभा इथं आहे, आपल्या घरात, आपल्या बायकोपाशी. आपल्या मालकीचा. नोकरी आधी घ्यावी की दूध? दूधच आधी. न्हाव्याच्या बायकोच्या तोंडी घातलं तर पाण्याखाली दूध कसं उतू जाईल, तेवढा एक प्रश्न आहे.

काकू बोलायच्या थांबल्या होत्या. त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या.

"आत्तासुद्धा गेलास ना?" त्या म्हणाल्या.

"नाही गं, इथंच आहे," काका म्हणाले, आणि त्यांनी पटकन काकूंचा हात हातात घेतला. मनापासून घेतला, त्यात खोट नव्हती. पण घेता घेताच त्यांच्या मनात येऊन गेलं, की हिचं हे वाक्य गोष्टीच्या अगदी शेवटी ठेवावं, की शेवटाच्या थोडं आधी.