थांबणारी जोडी

बैल म्हणजे पळणारा, असं ज्याला वाटतं त्यानं झुंबरबाईच्या नादी लागू नये. ही गोष्ट तीस-एकतीस सालची. तिचा हिलाल सोळाचा झाला होता आणि यंदाची कपाशी तो एकटाच सरकी काढायच्या जिनात नेणार होता, म्हणून पाचोऱ्याच्या बाजारात जोडी पाहायला ती स्वतः आली होती. बायांनी बैल पारखायचे नसतात म्हणे. नसतील!

हिलालची नजर एका पांढऱ्याशुभ्र खिल्लारी जोडीवर खिळली. दलाल भाईदासनं ते बरोब्बर हेरलं.

"अक्का, पोऱ्या गाडीमा झोपी गया तरी फिकीर नही. घरना रस्ता ठाऊक शे यास्ले."

चार वर्षांपूर्वी झुंबरबाईच्या दारात अशीच गाडी आली होती, गाडीवानाशिवाय. नवरा रुपचंद झोपेत धुरेवरून घसरला आणि सरकीच्या पोत्यांनी भरलेल्या गाडीचं चाक त्याच्या अंगावरून गेलं. बैल थांबले नाहीत, सरळ घरी आले. गावानं वर त्यांचं कौतुक केलं, मुकी जनावरं पण केवढी शहाणी! त्या कौतुकाचा तिला अजून संताप येई.

तिनं खिल्लारी जोडी गाडीला जुंपायला लावली आणि हिलालला चालत्या गाडीतून खाली उडी मारायला सांगितलं. बैल ऐटीत पुढं गेले. दुसरी जोडीही गेली. तिसरी बुटकी, एकाचं शिंग मोडकं. हिलालचे पाय जमिनीला लागले आणि ती जागीच उभी राहिली.

बाजार खो खो हसला. भाईदासलाही राहवेना. "अंगचोर शेत अक्का, नका लेऊ."

"हाईच लेसू," ती म्हणाली.

परतताना हिलालचं तोंड फुगलेलं. गावातली पोरं काय म्हणतील! नदीच्या उताराशी त्यानं कासरा टाकला, खाली उतरला आणि तरातरा पायी निघाला. गाडी थांबली. झुंबरबाई मागं बसली होती, तिनं कासऱ्याला हातही लावला नाही. बरंच अंतर जाऊन त्यानं वळून पाहिलं. बैल त्याच्याकडेच बघत उभे होते. मुकाट्यानं माघारी येऊन तो धुरेवर बसला.

"अंगचोर," तो पुटपुटला.

"तुना बापले हाई जोडी पाह्यजे व्हती," झुंबरबाई म्हणाली.

तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला. त्यानं वाकून मोडक्या शिंगाच्या बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि गाव येईपर्यंत काढला नाही.