पायरव

दादानं बुटांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या, जोडी गळ्यात अडकवली आणि अनवाणी तळव्यानं रस्ता चाचपून पाहिला.

"गार आहे गं! आज पंपघरापर्यंत असाच. मग हळूहळू पुढे."

"आणि काच टोचली म्हणजे?"

"तू आहेस की लॅबवाली. रक्त आयतंच मिळेल तपासायला."

ती हसली; कान मात्र त्याच्या पायांकडे होते. तलावाकाठच्या या रस्त्यावर ती इतके दिवस दादाच्या मागे धावत होती, ती त्याच्या डाव्या बुटाच्या कुरकुरीवर. उजाडण्याआधीच्या अंधारात तिला रस्ता दिसत नव्हता, कडेचा चर दिसत नव्हता. भर उजेडातसुद्धा समोरचं तेवढंच दिसे, नळीतून पाहिल्यासारखं. लॅबमध्ये मायक्रोस्कोपला डोळा लावायला नळी पुरते, म्हणून तिथे अजून कुणाला पत्ता लागला नव्हता.

आईचंही असंच सुरू झालं होतं. कळलं तेव्हा सगळ्यांनी मिळून, अगदी मायेनं, आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. उठू नकोस, मी देतो. राहू दे, मी करते. दारातून येताना पाय आपटत यायचं, म्हणजे आईला कळतं, असा दोघा भावंडांना नियम होता. घर सुरळीत चाललं. आई खुर्चीतच राहिली. दादाला कळलं, तर धावणं त्याच दिवशी बंद होईल आणि मग एकेक करून बाकीचं.

दादा पुढे निघाला. आवाजच नाही.

"मांजरासारखं पाऊल टाकायचं असतं," तो खुशीत म्हणाला. "गुडघ्याला धक्काच नाही!"

ती त्याच्या श्वासामागून धावली. वारा आला की श्वासही हरवे. मग काहीबाही विचारून ती त्याला बोलतं ठेवू लागली.

"धावताना गप्पा मारू नयेत, असं कोण म्हणायचं, बाईसाहेब?"

त्या आठवड्यात फाटकाच्या खांबावर तिचा खांदा सोलवटला. झोप झाली नव्हती, असं तिनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनंही बूट काढले.

"माझी नक्कल?"

"तुझे गुडघे बरे झाले. म्हटलं, माझंही काही बरं होईल."

बुटांनी इतकी वर्षं टाचेवर उतरायला शिकवलं होतं. अनवाणी टाच आपटली की कळ थेट कवटीत जायची. ती चवड्यावर उतरायला शिकली. पोटऱ्यांचे दगड झाले, तळव्यांची साल निघाली. लॅबचा जिना ती कठडा धरून आडवी उतरू लागली. पण तळव्यांना एक गोष्ट सापडली होती. रस्त्याच्या कडेला आखलेली पांढरी पट्टी गुळगुळीत होती, दवानं ओलसर. पट्टी सोडली की लगेच डांबराची खडी बोचायची. पायाखाली गुळगुळीत आहे तोवर आपण रस्त्यावर आहोत. फोड फुटले तरी तिनं पट्टी सोडली नाही. दादा मुका झाला तरी आता चालणार होतं.

मग एका पहाटे पंपघराच्या वळणावर पट्टी संपली.

पाइपासाठी खणून रस्ता नव्यानं डांबरला होता. तिनं पाय डावीकडे सरकवला. खडी. उजवीकडे, खडी. चर कुठल्या अंगाला होता तेही आता आठवेना. दादाचा श्वास केव्हाच पुढे गेला होता. हाक मारली असती तर तो आला असता, त्यानं कोपर धरलं असतं, आईचं धरायचा तसं. तिनं तोंड घट्ट मिटलं. तेवढ्यात तिचा हात आपोआप वर झाला आणि बोटं फाकून हवेत चाचपू लागला. हा हात तिनं लहानपणापासून पाहिला होता, आईचा. तिनं तो दुसऱ्या हातानं धरून खाली ओढला आणि पोटाशी दाबून ठेवला.

"काय गं?"

आवाज अगदी हातभरावरून आला. तो केव्हापासून तिथे उभा होता, कळायला मार्ग नव्हता.

"काटा." ती खाली बसून तळवा चोळू लागली.

"निघाला?"

"निघाला."



दुसऱ्या दिवशी त्याच्या पायात बूट होते. तेच जुने, कुरकुरणारे.

"पोटरी भरलीय," तो म्हणाला. "नकोच ते अनवाणी प्रकरण काही दिवस."

ती मागून निघाली. पोटरी दुखणारा माणूस एका पायावर भार कमी टाकतो. दादाचे दोन्ही पाय सारखे पडत होते आणि दोन्ही जोरात, अख्खा तळवा रस्त्यावर थाडथाड आपटत. गुडघ्यांची त्याला फिकीर दिसत नव्हती. असं पाऊल तिनं रस्त्यावर कधी ऐकलं नव्हतं. ऐकलं होतं ते घराच्या उंबऱ्यात, आई खुर्चीत असताना.

ती धावत राहिली. पंपघराचं वळण आलं. पायाखालची पट्टी संपली. पुढची पावलं किंचित मंदावली.

"दादा."

"हं?"

"कुठल्या पायाची पोटरी?"



"दोन्ही," तो म्हणाला, आणि वळणावर पाय आणखी जोरानं आपटू लागला.