रुमालाखालचा भाव

"सांग सोने, किती बोटं धरली?"

हा आवाज सोनियाच्या कानात कधीचा मुरलेला होता. माळावर जाळीची वाघूर लावलेली, आत बकरी, म्हणजे मेंढरं, एकमेकींच्या उबेला बसलेली, आणि बाप बाळासो तिचा इवलासा हात आपल्या रुमालाखाली घेऊन बोटं दाबायचा. एक बोट, रानातली वाट. दोन बोटं, मेंढ्याची शिंगं. तीन बोटं चूल, चार बोटं खाट. शाळेच्या पाटीआधी तिला आकडे आले ते असे, कातडीतून.

बाळासो कवठे महांकाळच्या बकऱ्यांच्या बाजारातला दलाल. घेणारा व्यापारी रुमालाखाली त्याची बोटं धरून भाव सांगायचा. बाळासो तोच भाव जसाच्या तसा नेऊन विकणाऱ्याच्या हातात ठेवायचा. वर पावसापाण्याचं बोलणं, खाली सौदा. पैसाही त्याच्याच हातून जायचा, आणि कुणी मोजून घेत नसे. बाजारात बाळासोचं नाव असं होतं.

नव्व्याण्णव साली एस.टी. स्टँडासमोर विश्वजित सरांनी कॉम्प्युटरचा क्लास काढला. सर मूळचे सांगलीचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं घाईचं. बारावी झालेल्या सोनियाला तिथं घातलं ते बाळासोनंच. "शिक. बकऱ्यामागं फिरून तुझ्या आईचे पाय झिजले," म्हणाला होता. पोरगी इतकी तयार झाली की वर्षाच्या आत सरांनी तिला शिकवायला बसवलं. धनगरवाड्यातली पोरं तिला मॅडम म्हणू लागली.

आणि पावसाळा सरता सरता बापाचं काहीतरी फिरलं.

"आलीस व्हय खोकं पुसून?" ती दारात दिसली की तो म्हणायचा.

"खोकं न्हाई आण्णा. कॉम्प्युटर."

"त्येला म्हणावं, बकऱ्याच्या पाठीवर हात टाकून दाव. मास किती, लोकर किती, सांग म्हणावं."

"ते तुमीच सांगा. त्येनं ते सांगायचं न्हाईच हाय."

"मग कशाला पायजे त्ये?"

तो विडी ओढत बसायचा, ती जळत बोटापर्यंत यायची तरी टाकायचा नाही. सोनियाला वाटायचं, एवढा राग. आई तानुबाई दोघांना भाकरी वाढायची आणि दोघांच्या मधे बसायची, वाघरीच्या खुंटीसारखी.

दिवाळीनंतर सरांनी बाजार समितीला गळ घातली. फलटणच्या व्यापाऱ्यांनी एक कॉम्प्युटर घेतला होता. फोनच्या तारेवरून इथला भाव तिकडं, तिकडचा इकडं. "सांगली-सातारा, दोन्ही जिल्हे एका टेबलावर येतील," सर बाजाराच्या शेडमध्ये उभं राहून सांगत होते. "व्यापारी व्यापाऱ्याला ओळखेल. आपल्या मुलांना हाताला काम मिळेल. मधे कुणी लागणार नाही."

मधे कुणी, तो तिथंच उभा होता, खांद्यावर रुमाल टाकून.

"आवं सर," बाळासो म्हणाला, "लाइट गेली की बाजार उठवायचा का?"

माणसं हसली. सर हसले नाहीत. सोनियानं मान खाली घातली. हसणाऱ्यांचा तिला राग आला, आणि हसवणाऱ्याचा जास्त.

समितीनं मधला मार्ग काढला. सौदा रुमालाखालीच होऊ द्यायचा, पण ठरल्यावर घेणाऱ्यानं आणि विकणाऱ्यानं शेडमध्ये मांडलेल्या कॉम्प्युटरच्या टेबलापाशी येऊन भाव तोंडानं सांगायचा. सोनियानं तो कॉम्प्युटरात घालायचा.

पहिल्याच बाजाराला टेबलापुढं गर्दी झाली. भाव सांगण्यापेक्षा बघायलाच लोक जास्त. फोनची तार किरकिरली, मग शिट्टी घातल्यासारखी ओरडली, तशी पुढची म्हातारी मागं सरली. फलटण लागलं. सोनियाचा जीव भांड्यात पडला.

मग नाथाजी आला. बाळासोबरोबर बारा माळ तुडवलेला, एका घोंगड्यात निजलेला जोडीदार. त्याची कोकरांची जोडी फलटणच्या नानासो व्यापाऱ्यानं घेतली होती. सौदा बाळासोचा, पैसा अजून द्यायचा होता.

"हजाराच्या वर किती?" सोनियानं विचारलं. हजार उघड ठरलेलं, त्यावर एक बोट म्हणजे शंभर.

"तीनशे," नाथाजी म्हणाला.

"चारशे," नानासो म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. मग सगळ्यांनी बाळासोकडं.

"म्या चार बोटं धरली," नानासो म्हणाला. "नीट दाबून धरली."

"मला तीनच आली," नाथाजी सावकाश बोलला. "बाळासो, चौथं कुठं ऱ्हायलं रं?"

"खिशात असंल, बघ जरा," मागून कुणीतरी म्हणालं.

"इतकी वर्षं असंच चालत आलं असणार गड्या. आज पोरीच्या खोक्यानं धरलं," दुसऱ्यानं जोड दिली.

बाळासोनं रुमाल झटकला, पुन्हा खांद्यावर टाकला.

"बघा," विश्वजित सर पुढं झाले. "म्हणूनच सांगत होतो. सोनिया, फलटणला कळवून टाक. या दलालाशी व्यवहार करू नये, असं लिही. नावानिशी."

सोनियाची बोटं कळांवर थांबली. बाजारातला बोभाटा पुढच्या बाजारापर्यंत विरतो. तारेवरून गेलेलं नाव फलटणला उतरेल, तिथून लोणंदला, तिथून आणखी कुठं. जिथं जिथं बकरं विकलं जातं, तिथं तिथं तिचा बाप पायानं पोचायच्या आधी चोर म्हणून पोचलेला असेल.

"आण्णा," ती म्हणाली. "काय झालं ते सांगा."

"लिव की. तुझं खोकं खरं, बाप खोटा."

"खोक्याचं सोडा. नाथाजीकाकांना तीन का सांगितलं?"

"म्या सांगितलं ते सांगितलं."

"त्ये चोर म्हणत्यात तुमास्नी."

"म्हणू देत."

"चोर म्हणलेलं चालतंय तुमाला? मला न्हाई चालत. उद्या क्लासात पोरांम्होरं मी उभी ऱ्हायची, ती कशी?"

"मग नगं उभी ऱ्हाऊस. म्या सांगितलं हुतं का मॅडम हो म्हणून?"

"तुमीच सांगितलं हुतं," सोनिया म्हणाली. "पावसाळ्यापासनं माझ्यावर दात धरून बसलाय. एक गोड शब्द न्हाई. मला वाटलं, तुमचा धंदा बुडंल म्हणून भ्याला. तर हे हुतं व्हय पोटात? पडद्यावर सगळं दिसंल, याचं भ्या?"

नाथाजी म्हणाला, "ऱ्हाऊ दे पोरी. शंभराचं काय एवढं. पण बाळासो, माझ्याबरूबर तरी..." त्यानं पाठ फिरवली.

ती पाठ बाळासोनं बघितली. रागावलेल्या माणसाची नव्हती ती, घरातलं कुणी गेल्यासारखी होती.

"लिहितेस ना?" सरांनी विचारलं.

"लिवते," सोनिया म्हणाली. "दलाल बाळासो..."

कळा टकटकल्या. पडद्यावर बापाचं नाव एकेक अक्षर उमटू लागलं. बाळासोला वाचता येत नव्हतं, तरी तो तिकडंच बघत राहिला.

"नाथाजी, थांब," तो म्हणाला.

नाथाजी थांबला, वळला मात्र नाही. सोनियाचे हातही थांबले.

बाळासोनं दोन्ही पंजे टेबलावर ठेवले, बाजाराला बैल दाखवावा तसे. बोटांच्या शेंड्यांवर भाजल्याचे काळे डाग होते.

"पावसाळ्यापासनं ही बोटं मेल्यात," तो म्हणाला. "व्यापारी धरतो का सोडतो, मला काय सुदिक कळत न्हाई. मी त्येंच्या डोळ्याकडं बघतो आन् आकडा सांगतो. कवा जास्ती सांगून बसलो, तवा आपलं कोकरू गुपचूप देऊन भागवलं. आज कमी सांगितलं. नाथाजी, चोरलं न्हाई रं म्या. चार हुती, ते मला आत्ता ह्या टेबलावर कळलं."