रांगोळीवर पडलेला पाय

सुभद्राबाईंच्या लेखी कीर्तन सुरू व्हायचं ते रांगोळीपासून. कीर्तनकार उभे राहणार त्या जागेपुढं आधी ओलं फडकं, मग एकवीस ठिपके आणि मधोमध चार तारांची वीणा. सुरतेच्या गोडादरा भागातल्या राममंदिरात एकोणीस वर्षं ही सेवा त्यांचीच. खानदेशातल्या पारोळ्याहून इथं आल्या तेव्हा गळा नव्हता आणि टाळ धरला की ताल सुटायचा; चिमटीत मात्र देवानं काहीतरी ठेवलं होतं.

यंदा गुडघ्यांनी घात केला. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. भजनी मंडळाच्या इंदुबाईंनी लगेच तोडगा काढला.

"कशाला जिवाला त्रास, सुभद्राबाई? रांगोळीचं स्टिकर मिळतं आता. कागद सोलला की चिकटलं. पुसायचीबी कटकट नाही."

बोलल्या त्या मायेनंच. पण सुभद्राबाईंच्या मनाला ते लागलं. शनिवारी छायाताईंचं कीर्तन, अन् त्यांच्या पायांपुढं दुकानातलं स्टिकर! मग आपण मंडळात कशाला? गर्दी करायला?

सून हर्षदा पांडेसऱ्यात, कापडावर डिजिटल छपाई करणाऱ्या कारखान्यात डिझाइनचं काम करायची. तिनं आपला टॅब आणि पेन सासूपुढं ठेवलं.

"आत्या, खुर्चीत बसून काढा. मी कापडावर छापून आणते. पाच फूट बाय पाच फूट, तुमच्याच हातची."

ना पीठ, ना चिमूट. पहिल्या दिवशी रेघ झिंगल्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी हात बसला आणि वीणेच्या चारही तारा केसासारख्या बारीक उतरल्या. डोळ्यांना दिसावं म्हणून हर्षदानं मागं लाल रंग भरून दिला होता. सुभद्राबाईंनी त्याच लाल रंगावरच्या रांगोळीचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. कौतुकाचा पाऊस पडला.

कापडाला कोणता रंग द्यायचा ते छापताना ठरवू म्हणून बुधवारी हर्षदानं तो लाल रंग काढून टाकला. मागं करड्या-पांढऱ्या चौकटी उमटल्या.

"हे काय वं?"

"चौकटी म्हणजे मागं काहीच नाही, आत्या."

"काहीच नाही, तर दिसतंय कसं?"

"काहीच नाही, हे दिसावं म्हणून."

सुभद्राबाई पोट धरून हसल्या. "माय वं! हे तर थेट कीर्तनाच्या पूर्वरंगातलं! निराकाराचं निरूपण."

गुरुवारी हर्षदाला कामाची घाई होती. "मशीनवाल्या गजेंद्रभाऊंना फाइल तेवढी पाठवा," सांगून ती गेली. सुभद्राबाईंना पाठवायची एकच रीत ठाऊक, फोटोची. त्यांनी पाठवला. पाच मिनिटांत गजेंद्रचा फोन.

"मावशी, कोरा कागद पाठवला का?"

"कोरा कसा? वीणा आहे ना मधे."

"वीणा नाही, अन् ठिपकाबी नाही. पांढरं फटफटीत. ऱ्हाऊ द्या, माझी बायको तुमच्याच मंडळात आहे. तिच्या ग्रुपवर लाल रंगावरची फिरते ना, ती घेतो."

सुभद्राबाईंचा जीव भांड्यात पडला.

शुक्रवारी दुपारी त्या हर्षदासोबत रिक्षानं पांडेसऱ्यात गेल्या. गजेंद्रनं मोठ्या दिमाखात हातभर नमुना पुढं केला. सुभद्राबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा लावला. ठिपक्यांभोवती भुसा सांडल्यासारखा. वीणेच्या चार तारा एकमेकींत घुसून दोन झालेल्या.

"कोना पाय पडना यानावर?" घरची अहिराणीच तोंडून निघाली.

गजेंद्र दुखावला. "मावशी, इथं सगळे चपला बाहेर काढतात. कापड तर टेबलावर होतं. पाय पडेल कसा?"

"एकोणीस वर्षं रांगोळी काढते मी, भाऊ. पुसटलेली अन् तुडवलेली यांतला फरक मला कळतो. ही तुडवलेली आहे."

हर्षदानं नमुना उजेडात धरला आणि कपाळाला हात लावला. "आत्या खरं सांगतात. पाय पडलाय, अन् एकदा नाही, चार-पाच वेळा. भाऊ, तुम्ही ग्रुपवरची जेपीजी घेतली ना?"

मग सासूला समजावलं. जेपीजी म्हणजे प्रवासाचं गाठोडं. आटोपशीर व्हावं म्हणून बारीकसारीक टाकून देतं. माणसाच्या चेहऱ्याचा फोटो असेल तर ध्यानात येत नाही, पण बारीक रेघेच्या कडेला भुसा उरतो. ग्रुपवर एकीनं तो फोटो कडेनं कापला, दुसरीनं उजळ केला, इंदुबाईंनी वरच्या कडेला 'शुभ सकाळ' घालून बहिणीला धाडला अन् ती कड कापून परत ग्रुपवर टाकला. दरवेळी गाठोडं नव्यानं बांधलं, दरवेळी थोडं सांडलं.

"अन् काल कोरी गेली ती?"

"तीही फोटो म्हणून गेली, म्हणजे वाटेत जेपीजीच झाली. जेपीजीला 'काहीच नाही' ठेवता येत नाही. त्या जागी तिनं पांढरं भरलं. पांढऱ्यावर पांढरी रांगोळी, दिसणार कशी?"

"म्हणजे गेली माझी वीणा?" सुभद्राबाईंचा आवाज चिरकला. कीर्तन उद्यावर आलं होतं.

"जाते कुठं! टॅबमध्ये मूळ फाइल आहे, पीएनजी. तिच्यात रेघ न रेघ शाबूत, मागचं काहीच-नाहीसुद्धा."

हर्षदानं पिशवीतून टॅब काढला. पीएनजी उघडली, मागं नव्यानं लाल रंग भरला आणि मशीनला लागते तशी, काही न गाळणारी टिफ फाइल करून दिली. ती फाइल इतकी जड, की गजेंद्र म्हणाला, "ही तर सासरी निघालेल्या लेकीसारखी, काहीच मागं ठेवत नाही!"

मशीन फिरू लागली. कापडावर लाल रंग सरकत होता, आणि सुभद्राबाई पांढऱ्याची वाट बघत होत्या.

"पांढरी शाई कधी सोडता?"

"पांढरी शाई नाहीच आमच्या मशीनला, मावशी. भोवतीचं लाल छापायचं. रांगोळीपुरतं कापड कोरं सोडायचं."

चष्मा सावरून त्या मशीनजवळ सरकल्या. लाल रंगातून एक तार मोकळी झाली. मग दुसरी, तिसरी, चौथी.

"म्हणजे तुम्ही ती काढत नाही," त्या हळूच म्हणाल्या. "तिला वाट देता."

आणि मशीनला त्यांनी हात जोडले. गजेंद्रनंही जोडले, आपल्याला कोणी पाहत नाही ना, हे बघून.

शनिवारी राममंदिरात ते कापड अंथरलं. छायाताई आल्या, थबकल्या, निऱ्या सावरून कडेकडेनं वळसा घालून आपल्या जागी गेल्या. कापडच आहे, असं दोघीतिघींनी सांगूनही मंडळातल्या एकीनंही त्यावर पाऊल ठेवलं नाही. कीर्तनात मध्येच छायाताईंनी त्या वीणेकडं बघून कमरेतून वाकून नमस्कार केला, तेव्हा मागं खुर्चीत बसलेल्या सुभद्राबाईंनी पदराचा बोळा तोंडाशी धरला.

आरती झाल्यावर इंदुबाई आल्या. स्टिकरचं नावही काढलं नाही.

"सुभद्राबाई, बहिणीला पाठवायचीय. जरा फोटो टाका की ग्रुपवर."

"फोटो नाही," सुभद्राबाई मोबाइल काढत म्हणाल्या. आता सारं त्यांना हर्षदानं शिकवून ठेवलं होतं. "डॉक्युमेंट म्हणून टाकते. फोटो म्हणून टाकली की पाय पडतो."