बायकोच्या कामाची नोंद

बायको जाऊन आठवडा झाला तेव्हा मी मृत्यूची नोंद करायला कचेरीत गेलो. सोबत तिची थोरली बहीण होती. आम्ही तिला ताईच म्हणतो.

या देशात आलो तेव्हा कामाचा परवाना एकट्या ताईला मिळाला. पण तिचे गुडघे लवकरच गेले. दोघी बहिणींचे चेहरे सारखे, म्हणून ताईच्या कार्डावर माझी बायको कामाला लागली. इस्पितळाच्या धुलाईखान्यात, अठरा वर्षं. रक्ताच्या, पुवाच्या चादरी सोड्यात उकळायच्या आणि इस्त्रीच्या गरम रुळांतून काढायच्या. त्या पगारावर दोन घरं चालली. दर महिन्याला कर कापला जायचा, तोही ताईच्या नावावर. "कर भरायला ताई आणि खोकायला मी," असं म्हणून ती हसायची.

ती गेल्यावर कामावरच्या बायका भेटायला आल्या आणि ताईचं नाव घेऊन रडल्या. ताई चहा ठेवायला आत गेली, ती बाहेर आलीच नाही.

मला एकच गोष्ट हवी होती. शेवटच्या कागदावर तरी तिच्या नावापुढे तिचं काम लिहिलेलं असावं.

कचेरीतल्या बाकावर ताई म्हणाली, "भावोजी, खरं सांगून टाका. माझं काय व्हायचं ते होवो."

"परवाना जाईल. तुमच्या पोरीचं काय, नातवाचं काय?"

"मग धुणी धुवायची एवढं तरी सांगा."

"कुठं, म्हणून विचारतील."

तेवढ्यात आमचा नंबर आला.

"व्यवसाय?" खिडकीतल्या बाईनं विचारलं. मी ताईकडे बघितलं. "अहो आजोबा, काम काय करायच्या त्या?"

"घरीच असायची."

"कधीच नोकरी नाही?"

ताई तोंड उघडणार, त्याआधीच मी म्हणालो, "नाही."

बाई समोरच्या पडद्याकडे बघत म्हणाली, "वीस वर्षं राहणं इथं, औषधपाणी सरकारी. म्हणजे आम्हीच पोसलं की. मजा होती."

"हो," मी म्हणालो.

तिनं कागद फिरवून पुढे केला. व्यवसायाच्या जागी आडवी रेघ होती. मी नीट बघितली आणि सही केली.

साक्षीदार म्हणून ताईची सही हवी होती. तिनं एकेक अक्षर जुळवत ती केली. तिची सही माझी बायको जास्त सफाईनं करायची.