मायाक्काचा पाळणा

कुंभारी गावची मायाक्का म्हणजे हट्टाला पेटलेली बाई. पोरगा ज्ञानबा सोलापुरात गिरणीत लागला, तिथंच ख्रिस्ती झाला, आणि त्या दिवसापासून बाईनं त्याच्या घरच्या पाण्याला ओठ लावला नाही. सून राजाबाई दोनदा बाळंत झाली, दोन्ही लेकरं महिन्याच्या आत गेली. तरी ही गेली नाही! लोक तोंडावर म्हणायचे, "दगडाला पाझर फुटंल, तुला न्हाय." ती ऐकून घ्यायची आणि मेंढरं हाकायची.

पण राजाबाईला तिसऱ्यांदा दिवस गेले, सातवा लागला, आणि म्हातारीला घास गिळेना. बिरोबापुढं कुठल्या तोंडानं जाणार? पोरानं त्यालाच सोडलेलं. मग ज्याच्याकडं पोरगा गेला त्याच्याच दारात जाऊ, असं तिनं ठरवलं. गावाकडं बाया नवसाच्या झाडाला पाळणा बांधतात. मूल झालं, नवस फिटला, की मगच तो सोडायचा. मधेच सुटला तर घात, हे तिला आईनं शिकवलेलं.

नाताळच्या आदल्या दिवशी ती मिशनच्या देवळात शिरली. समोर सुरूचं झाड. त्याच्यावर चांदीच्या कागदाचे तारे, रंगवलेली सुताची रिळं, दोन-चार विलायती काचेचे गोळे.

"अगं बया! किती जणींचे नवस हे!" ती पुटपुटली. कनवटीचा बाभळीच्या काड्यांचा, लोकर विणलेला इवलासा पाळणा काढून तिनं फांदीला बांधला. पाळकीणबाईंना वाटलं, कुणा भाविक बाईनं बाळ येशूची गव्हाण करून आणलीय. त्यांनी कौतुकानं तो वर, मोठ्या ताऱ्याखाली लावला. मायाक्का हरखली. कुणाशी न बोलता गावी परतली.

नवं वर्ष लागल्यावर ती लोकर विकायला शहरात आली आणि पाया पडायला देवळात डोकावली. बघते तर राजाबाई, एवढं पोट घेऊन, झाडावरचं एकेक उतरवून ट्रंकेत ठेवतेय. हातात तोच पाळणा.

"सोडू नगंस!" मायाक्का किंचाळली.

"आत्याबाई? तुमी हितं?"

"त्यो माजा हाय! तुज्या पोटातल्यासाठी बांदलाय. फिटायच्या आदी सोडलास, काय केलंस गं हे!"

देवळातले वडीलधारे ईश्वरप्पा तेवढ्यात झाड बाहेर न्यायला वाकले. वाळूच्या डब्यातून खोड अलगद वर आलं, खाली करवतीनं सपाट कापलेलं.

"ह्याला मूळच न्हाय?" मायाक्का मटकन खाली बसली. "मी बिनमुळाच्या झाडाला नवस बोलले?"

"बाई, हे नवसाचं झाड न्हाय," ईश्वरप्पा हळू आवाजात म्हणाले. "आमी काय मागायला हे टांगत न्हाय. बाळ जन्मलं, त्या झालेल्या जन्माचा आनंद हाय हा. सण सरला की उतरवायचं, फुडल्या वर्साला परत टांगायचं."

ते झाड घेऊन बाहेर गेले. राजाबाई पोट सावरत सासूशेजारी बसली. पाळणा तिच्या मांडीवर होता.

"मग ह्यो माज्या दोघांचा म्हना की, आत्याबाई. ती बी जन्मलीच व्हती."

मायाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती लेकरं तिनं पाहिलीही नव्हती. मग तिनं विचारलं, "नावं काय ठिवली व्हती गं?"

"पोरीचं सोनाबाई."

ते मायाक्काच्या आईचं नाव.

"आन् पोराचं?"

राजाबाईनं मान खाली घातली. "मला कसं घेता यील ते? मामंजींचं व्हतं."

पोरगा देव सोडून गेला होता, मेलेल्या बापाला सोडून नव्हता गेला. त्याच्या नावाचं लेकरू मातीआड झालं, त्या दिवशी ही मेंढरांमागं होती.

लग्नातल्या उखाण्यानंतर नवऱ्याचं नाव मायाक्काच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. तिनं सुनेच्या मांडीवरचा पाळणा बोटानं हलवला.

"धोंडीराम," तिनं हाक मारली. मग तिला हुंदका आवरेना. "धोंडीराम, माज्या लेकरा, मी आले न्हाय रं."