नाहीसाहेबांचा होकार

बँकेत सगळे त्याला नाहीसाहेब म्हणत. तोंडावर नव्हे, पण त्याला ते ठाऊक होतं, आणि खोटं कशाला सांगा, मनातून आवडायचंही. कर्ज मागायला आलेल्या माणसाला तो चहा पाजायचा, गोड बोलायचा, आणि मग एक दिवस त्याच्या दुकानात जाऊन बसायचा. नुसतं बसायचा, कोपऱ्यातलं स्टूल ओढून. गिऱ्हाईक येतंय का, मालक नोकरांशी कसा बोलतो, फोन वाजला की चेहरा पडतो का, हे बघून परत यायचा आणि बऱ्याच जणांना नाही म्हणायचा. बँकेचा नियमच होता तसा. जागेवर जाऊन आल्याशिवाय सही नाही, आणि कर्ज बुडालं तर ज्याची सही त्यानेच वसुलीला त्या दारात उभं राहायचं.

या बसण्यापायी त्याने सख्ख्या बहिणीला दुखावलं होतं. ताईची लॉन्ड्री होती, खाली दुकान आणि वर घर. मोठी यंत्रं घ्यायला तिने कर्ज मागितलं. नात्यातली फाइल, त्यामुळे सही दुसऱ्याची, पण वरच्या साहेबांनी मत विचारलं आणि तिच्याही दुकानात बसून आलेला हा पठ्ठ्या सरळ म्हणाला, "झेपणार नाही तिला." ताईने त्याच्याशी बोलणं टाकलं. आई अंथरुणाला खिळली तेव्हा दोघं एकाच खोलीत बसून तिच्यामार्फत बोलायची. "त्याला विचार, जेवलास का." "तिला सांग, जेवलो." आई वैतागायची, "अरे, मी आजारी माणूस आहे की टपालखातं?" आई गेली आणि ते टपालही बंद झालं.

मग सरकारने बँकांवरचे निर्बंध सैल केले. उत्पन्नाचा पुरावा हवाच असं राहिलं नाही, जागेवर जाणं ज्याच्या त्याच्या मर्जीवर आलं, नात्यातल्या फाइलची अटही उडाली. घर तारण असलं की बस्स. शिवाय दिलेली कर्जं गठ्ठ्याने दुसऱ्या कंपन्यांना विकायची मुभा मिळाली. शाखेत नवा मॅनेजर आला. पोरगेलासा, पण बोलायला भारी. भिंतीवर फळा लागला. कोणी किती कर्जं दिली ते त्यावर दिसायचं, आणि नाहीसाहेब सगळ्यांत खाली.

"अहो, कर्ज आपल्याकडे चार दिवसांचं पाहुणं," मॅनेजर त्याला म्हणाला. "मग ते विकलं जातं. बुडालं तर त्यांचं बुडेल. तुम्ही कशाला लोकांची स्टुलं झिजवता?"

सगळे हसले. तोही हसला, आणि घरी जाऊन नीट जेवला नाही.

अशातच ताईची फाइल टेबलावर आली. तीच यंत्रं, तारण वरचं घर. तिचं अक्षर त्याने लगेच ओळखलं. सवयीने तो उठलासुद्धा, जाऊन बसून येऊ म्हणून. पण दारापर्यंत गेला आणि पाय अडले. कोणत्या तोंडाने जाणार? पुन्हा तपासायला आलास का, म्हणेल. आणि आता नियमच आड येत नाही तर आपण कशाला आडवं जायचं? एकदा तरी बहिणीला हो म्हणू दे की! तो परत फिरला आणि सही केली.

संध्याकाळी फोन वाजला.

"जेवलास का?" ताईने विचारलं. मध्ये कोणी नाही, थेट.

पुढचं सांगायला जड जातं. पहिली दोन वर्षं व्याज कमी होतं, ती सुखात गेली. रविवारी भाऊ ताईकडे जेवायला, खाली दुकान बंद, वर गप्पा, आईच्या आठवणी. मग करारातल्या कलमाप्रमाणे व्याज बाजारभावाने चढलं आणि हप्ता ताईच्या हाताबाहेर गेला. तिने महिनोन् महिने कोणाला कळू दिलं नाही. घराच्या लिलावाची नोटीस दारावर चिकटली तेव्हा भावाला कळलं. तो धावत मॅनेजरकडे गेला.

"ते आता आपल्याकडे नाहीच हो," मॅनेजर म्हणाला. "कोणाकडे आहे ते मलाही शोधावं लागेल."

तो तसाच लॉन्ड्रीत गेला. नवी यंत्रं आच्छादन घालून उभी होती. भिंतीभर फडताळं, ज्यांत पूर्वी हॉटेलच्या चादरींच्या चळती असायच्या, ती रिकामी होती. फळ्यांवर धूळ बसली होती, आणि ती आजकालची नव्हती.

"हॉटेलचं काम कधी गेलं, ताई?"

"तुझ्या सहीच्या आधी. त्यांनी स्वतःचीच लॉन्ड्री काढली."

"आणि मला बोलली नाहीस?"

"आपण बोलत कुठे होतो?" ताई शांतपणे म्हणाली. रागावली असती तर बरं झालं असतं. "वाटलं, मोठी यंत्रं घेतली तर दुसरी हॉटेलं मिळतील. पण छाती होत नव्हती रे. म्हटलं, अर्ज टाकू, तू येशील. बसशील इथे. फडताळं तुला दिसल्यावाचून राहायची नाहीत. ते स्टूल पुसून ठेवलं होतं मी."

तो स्टुलाकडे बघत राहिला.

"तू आलाच नाहीस, आणि हो म्हणालास. मला वाटलं, अख्ख्या गावाला नाही म्हणणारा माणूस हो म्हणतोय, म्हणजे मीच उगाच भितेय. तुझ्या शब्दावर सही केली मी. बँकेच्या नव्हे."

त्याला रडू आवरेना. तो स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. दुपार कलली तरी दुकानात कोणी आलं नाही. ताई एकाच धुतलेल्या चादरीची पुन्हा पुन्हा घडी घालत होती.

"बघितलंस ना सगळं?" शेवटी तिने विचारलं. "मग सांग आता. झेपेल मला?"

"नाही, ताई," तो म्हणाला. "नाही झेपणार."

ताईने चादर खाली ठेवली.

"एवढंच ऐकायला थांबले होते रे मी तेव्हा."